आमच्या आधी नवं खाऊ नको

टेंपो आमच्या वाडीपर्यंत चढत नाही. म्हणून माझा संसार डोक्यावरून खाली उतरला. एक पत्र्याची पेटी, दोन गोधड्या, तवा, कळशी आणि आईनं बळंच दिलेली सुक्या बोंबलांची पुडी. पोशीरकडच्या डांबरी रस्त्यावर टेंपोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता आणि आमची वाडी त्याच्याभोवती गोळा झाली होती.

लग्नाला महिना झाला होता. माझा नवरा यशवंत साजगावच्या एका कंपनीत हेल्पर म्हणून लागला होता. कुंभिवलीला हायवेच्या मागं चाळीत त्यानं खोली घेतली होती. माणसं दुबईला जातात, अमेरिकेला जातात आणि तिथून लांबलचक आठवणी लिहितात. मी कर्जत तालुक्यातून खालापूर तालुक्यात गेले. हसू नका. आमच्या घराच्या दाराला कडी होती, कुलूप नव्हतं, आणि कुंभिवलीच्या खोलीचं कुलूप उघडायला शिकायला मला दोन दिवस लागले. माझ्यासाठी तोच परदेश होता.

निघताना इतरांच्या आया सांगतात, पोचलीस की फोन कर, तब्येतीला जप, नवऱ्याशी भांडू नको. माझ्या आईनं टेंपोची फळी धरली, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "राही, आमच्या आदी नवं खाऊ नको बरं का."

मागून बा म्हणाला, "आन् फुडं बस. मागं लय धक्के बसत्यात."

एवढाच आमचा निरोप. टेंपो सुटला, मी रडले, यशवंतानं रुमाल दिला. तो रुमाल त्याला त्याच दिवशी नवीन मिळाला होता, म्हणून त्यानं तो लगेच परतही मागितला.

नवं म्हणजे काय, हे वाडीत राहिलेल्या तुम्हां लोकांना सांगायला नको. पण तुमच्यातली बरीच जणं आता माझ्यासारखी खाली उतरली आहेत, कोणी पनवेलला, कोणी सुरतेला, आणि तुमची पोरं हे वाचतील तर त्यांना काही कळणार नाही. म्हणून थोडं लिहिते. रानात आणि शेतात जे नव्यानं येतं, ते आधी कणसरीचं. कणसरी म्हणजे आमची धान्याची आई. मग डोंगराचं, मग मेलेल्या माणसांचं, आणि सगळ्यांच्या शेवटी आपलं. पावसाळी रानभाजीचं नवं असतं, काकडीचं असतं आणि सगळ्यांत मोठं भाताचं. तो दिवस होईपर्यंत कोणी त्या वस्तूला तोंड लावायचं नाही. ज्यानं लावलं त्यानं नवं मोडलं.

लहानपणी ही शिक्षाच वाटायची. मांडवावर काकड्या लोंबतायत, शाळेतून येताना पोटात कावळे ओरडतायत आणि हात लावायचा नाही. माझा भाऊ मंगळ्या एकदा वेलीखाली आडवा झाला आणि जमिनीलगतची काकडी न तोडता जागेवरच चावला. मग चावलेली बाजू त्यानं मातीकडं वळवून ठेवली. चार दिवस कोणाला कळलं नाही. पाचव्या दिवशी मुंग्यांनी सांगितलं. आईनं त्याला मारलं नाही. नुसतं म्हणाली, "वेलीला कळतंय रं," आणि त्या वर्षी काकडीच्या नव्याला त्याला सगळ्यांच्या शेवटी फोड मिळाली, तीही देठाकडची, कडू.

पुढं मला हळूहळू उमगलं की आई उगाच अडवत नव्हती. रानभाजीला हात लावायला उशीर केला की तिचा गड्डा पोसतो. मग पानं खुडायची तीही बाहेरची, मधला कोंब ठेवून. कंद खणला तर त्याची वेलाकडची मुंडी पुन्हा मातीत पुरून यायची. मांडवावरच्या पहिल्या काकडीला आई लुगड्याची चिंधी बांधायची. ती बियाण्याची, तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही. भात कापताना बांधाच्या कोपऱ्यात चार चुडं, म्हणजे भाताचे चार झुबके, उभी सोडायची, पाखरांसाठी. आता खोपोलीच्या बाजारात मी तीच रानभाजी गड्ड्यासकट उपटून जुडीत बांधलेली बघते तेव्हा माझा तोल जातो. एकदा मी भाजीवालीला विचारलं, "पुढच्या वर्षी काय विकशील?" ती म्हणाली, "मेथी."

आणि भाताचं नवं! बा पहाटे अनवाणी शेतात जायचा. पहिल्या लोंब्या कापून डोक्यावर घेऊन यायचा. दारात आई त्याच्या पायांवर पाणी घालायची. तसं तर वर्षभर बा पाय न धुताच घरात घुसायचा आणि बोलणी खायचा, पण त्या दिवशी त्याच्या डोक्यावर कणसरी असायची. मग उखळात कांडायचं, मडक्यात शिजवायचं. दुकानातलं फक्त मीठ. सारवलेल्या अंगणात पळसाची पानं मांडायची. एक कणसरीचं, एक डोंगराचं, एक गेलेल्यांचं, एक गोठ्यातल्या बैलांचं, मग घरातल्या प्रत्येकाचं. जो घरी नाही त्याचंही. आमच्या घरी लेक कुठंही दिली तरी तिचं पान माहेरी पडतं, असा नियम. यशवंताला आई-बाप नाहीत, मामाकडं वाढलेला, म्हणून लग्नानंतर त्याचंही पान आमच्याच अंगणात पडायला लागलं. मला वाटतं, त्यासाठीच तो माझ्याशी इतका नीट वागतो.

एका वर्षी वाडीतली तरणी पोरं कर्जतहून थर्माकोलच्या पत्रावळी घेऊन आली. धुवायला नको, शिवायला नको. आईनं एक उचलली, उलटसुलट केली आणि परत दिली. "यात कणसरी जेवायची नाय. तिच्या वळखीचं पान लागतं." बैलानं मात्र थर्माकोल खाऊन बघितलं आणि थुंकलं, तेव्हा पोरांनाही पटलं.

तर ही अशी सवय घेऊन मी कुंभिवलीत आले. इथं सगळं बारमाही. जानेवारीत काकडी, मे महिन्यात वाटाणा. रेशनचा तांदूळ जुनाच असतो, त्याची काळजी नव्हती. पण श्रावणापासून भाताच्या नव्यापर्यंत मी कोणाच्या घरी जेवताना दहा प्रश्न विचारायचे. पुढं मलाही यशवंताच्या कंपनीत पॅकिंगला काम मिळालं. कँटीनमध्ये मी कोशिंबीर बाजूला सारली की बायका विचारायच्या, "उपास गं? डाएट गं?" कोणीतरी म्हणालं, हिला दिवस गेलेत. त्या वर्षी खरंच गेलेले होते, जाई व्हायची होती, म्हणून मी वाद घातला नाही.

आमच्या शेजारी सविताताई राहायच्या, अजून राहतात. त्या अंगणवाडीत आहेत. सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, हायवेपलीकडं भातशेती करतात. बौद्ध कुटुंब, दारावर निळा झेंडा, घरात पुस्तकं रचलेली. सविताताईंना देव-बिव मान्य नाही. मी नव्याचं सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या हसतील. त्या म्हणाल्या, "देवीचं राहू दे बाजूला. पण बी पिकेस्तोवर खायचं नाय, हे डोकं कोणाचं गं? लई हुशार बाई असणार ती." मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना त्याच दिवशी बोंबलाची चटणी दिली.

वर्षं गेली. जाई शाळेत जायला लागली. मी एकदाही नवं मोडलं नाही. आणि मग कँटीनचा तो दिवस आला.

दसरा होऊन गेला होता. वाडीत पाऊस लांबला होता, भात अजून हिरवट होतं, म्हणून नवं पुढं ढकललं होतं. मी ताट घेऊन रांगेत उभी होते. वाढणाऱ्या मावशींनी पातेल्यावरचं झाकण काढलं, वाफ आली आणि मी जागच्या जागी थांबले. नवा तांदूळ. कोणत्या तरी शेतातला, आठवड्यापूर्वी कापलेला. जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो, शीत न् शीत वेगळं. नवा भात चिकटतो, गोडसर लागतो, त्याला आमटी नको नि भाजी नको. पहिला घास घेईपर्यंत मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकले असते. पण ते खोटं. मला वासालाच कळलं होतं.

मी खाल्लं. परत रांगेत जाऊन दुसऱ्यांदा घेतलं. वर मावशींना म्हणाले, "तळाची खरवड असली तर तीपण द्या."

खाताना जे सुख झालं ते मी नाकारत नाही. पण नंतर ताट मी तीनदा धुतलं. शिफ्ट संपेपर्यंत मी तीन खोक्यांवर उलटी लेबलं चिकटवली.

आमच्यात नवं मोडणं हा काही खून नव्हे. पण एक पक्कं आहे. मोडलंस तर नव्याच्या आधी सांगायचं. न सांगता जो पानावर बसतो, तो सगळ्या घराचं नवं बाटवतो. यशवंत म्हणाला, "कोनी बघितलंय? गप बस." सविताताई म्हणाल्या, "सांगून टाक. आई काय खाणार हाय तुला?" चोराच्या मनात चांदणं, मला तर कॅलेंडरवरची लक्ष्मीसुद्धा माझ्याकडंच बघतेय असं वाटायला लागलं. संध्याकाळी मी फोन लावला. बानं उचलला.

"बा, मी नवं खाल्लं."

पलीकडून बा ओरडला. तो फोनवर नेहमीच ओरडतो, डोंगर ओलांडून आवाज त्यानं स्वतःच पोचवायचा असल्यागत. "किती?"

"दोनदा वाढून घेतलं."

"आन् खरवड?"

"ती पन."

"मंग डंड बसल," बा म्हणाला. मागं आई काहीतरी बोलत होती, ते ऐकून त्यानं पुढं सांगितलं. "औंदा तुजं पान नाय. तू वाढायचं. फुडल्या वरसाला पान पायजे आसल तर त्यावरला भात तूच पिकवायचा. घरच्या बियान्याचा."

"बा, मी चाळीत राहते. पिकवू कुठं?"

"ते कणसरीला इचार," म्हणून बानं फोन ठेवला.

त्या वर्षीच्या नव्याला मी गेले. पानं मांडली. कणसरीचं, डोंगराचं, गेलेल्यांचं, बैलांचं, बाचं, आईचं, मंगळ्याचं, यशवंताचं, जाईचं. मी वाढत होते. जाई मोठ्यानं म्हणाली, "आई, तुझं पान कुठंय?" आई म्हणाली, "तुज्या आईनं आदीच जेवून घेतलंय." सगळे हसले, मीही हसले. मग मडकं घासायचं निमित्त करून घरामागं गेले आणि पोटभर रडले. भाताचं दुःख नव्हतं. आपल्या अंगणात आपण पाहुण्यासारखं उभं राहतोय, हे सहन होत नव्हतं. दर वर्षी टेंपोनं, ट्रेननं, सहा आसनी रिक्षानं मी इथवर यायचे ती त्या एका पानासाठी, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या वर्षीही ते नाही पडलं, तर मग मी कुठली?

निघताना आईनं हातात लोंब्यांची एक मूठ ठेवली, लुगड्याच्या चिंधीनं बांधलेली. आमच्या घरचं हळवं, लवकर पिकणारं भात, लालसर टरफलाचं, बुटकं. त्याला वेगळं नाव नाही, आम्ही त्याला नुसतं 'घरचं' म्हणतो. लग्नात आईनं मला सगळं दिलं होतं, बियाणं दिलं नव्हतं. घरचं बियाणं लेकीबरोबर देत नाहीत, मागतही नाहीत. म्हणून ती मूठ मी दोन्ही हातांनी घेतली. आई एवढंच म्हणाली, "समदं येकदम पेरू नको. थोडं मागं ठिव."

आता पुढचं ऐका आणि हसा. पावसाळा तोंडावर आला तेव्हा यशवंतानं कुठून तरी दोन निळे प्लास्टिकचे ड्रम आणले, मधोमध कापले, चाळीच्या मागं चार कुंड्या तयार केल्या. आबांनी शेतातली माती दिली. आबा बघायला आले आणि म्हणाले, "ड्रममधी भात? बाय, मासे पन सोड, दोन्ही पिकं निघतील." घमेल्यात रोपं केली, ड्रममध्ये लावली, पाणी साचवलं. आठ दिवसांत सगळी रोपं पिवळी पडली आणि मान टाकून बसली. मी खत दिलं, पाणी बदललं, नवस बोलले. शेवटी आबांनी ड्रमला नाक लावलं.

"ह्ये कुठनं आणले रं यशवंता?"

"लोनच्याच्या कारखान्यातनं."

आबा हसता हसता खाली बसले. मिठात मुरलेले ड्रम! आम्ही कणसरीला लोणच्यात घातलं होतं. यशवंत दोन दिवस माझ्या नजरेला नजर देत नव्हता. पण आईचं वाक्य कामाला आलं, मी अर्धं बियाणं मागं ठेवलं होतं. आबांनी हायवेच्या कडेच्या आपल्या शेतात चार पावलांचा कोपरा आखून दिला. "हितं लाव. पन तुजं लाल नि माजं पांढरं, मिसळू देऊ नको." मी परत पेरलं, पुन्हा लावलं. उशीर मात्र झाला होता, आणि हळवं झालं तरी भाताला त्याचे दिवस लागतातच.

त्या चार पावलांच्या कोपऱ्याला जेवढे सल्लागार मिळाले तेवढे तालुक्याच्या मोठ्या शेतकऱ्याला मिळत नसतील. कंपनीचा वॉचमन शिफ्ट बदलताना थांबायचा. कँटीनच्या मावशींना सगळं प्रकरण आपल्यामुळं झालं असं वाटायचं. त्या रोज तांदळाचं धुवण बाटलीत भरून द्यायच्या. सविताताई अंगणवाडीची पोरं घेऊन आल्या आणि पोरांनी अर्धा तास पाखरं हाकलली. एकदा ढाब्यावर थांबलेला एक ट्रक ड्रायव्हर बांधावर उभा दिसला. उत्तरेकडचा कुठला तरी. "अरे, ये तो लाल धान है!" म्हणाला. "हमारे यहाँ भी था. माँ लगाती थी." त्यानं एक लोंबी बोटांवर घेतली, तोडली नाही, सोडून दिली आणि ट्रककडं गेला. त्याचं नाव मी विचारलं नाही, याची चुटपुट राहिली.

वाडीत नवं शनिवारी ठरलं. माझं भात गुरुवारी पिकल्यासारखं दिसत होतं, पण पुरतं नाही. लोंबी खाली वाकलेली, बुडाशी हिरवट. आबा म्हणाले, "अजून चार दिस थांब." चार दिवस थांबले तर पान गेलं. मी दोन्ही हात जोडले आणि कापलं. कोपऱ्यात एक चुड उभं ठेवलं, पाखरांचं. त्याच्या शेजारच्या तीन लोंब्याही तशाच ठेवल्या, पुढच्या बियाण्यासाठी, चिंधी बांधून.

मग लक्षात आलं, कांडायचं कशात? चाळीत उखळ कुठलं! मिक्सरमध्ये भुगा होतो. शेवटी लसणाचा खलबत्ता घेतला आणि शुक्रवारी कामावरून आल्यावर मी, जाई आणि सविताताई आळीपाळीनं मूठ मूठ कांडत बसलो. पाखडून झाल्यावर तांदूळ किती उरला? वाटीभर. एका पानापुरता. तुटका, लालसर, थोडा हिरवट. मी तो रुमालात बांधला. तोच रुमाल, जो यशवंतानं परत मागितला होता.

शनिवारी वाडीत पोचले तेव्हा पानं मांडायची वेळ झाली होती. आई उकिडवी बसून एकेक पान पुसत होती. मी रुमाल तिच्यापुढं ठेवला. तिनं गाठ सोडली, चार दाणे तळहातावर घेतले, वास घेतला.

"राही, कणसरीला लसणाचा वास कशापायी येतोय गं?"

मी खलबत्त्याचं सांगितलं. ड्रमचं सांगितलं, लोणच्याचं, ट्रकवाल्याचं, आबांचं. बा खांबाला टेकून ऐकत होता. लोणच्यापाशी तो इतका हसला की त्याला ठसका लागला. आईनं वेगळ्या बोळक्यात माझा भात शिजवला. मग आपल्या आणि मंगळ्याच्या पानांच्या मधल्या जागेवर एक पान मांडलं आणि त्यावर तो लालसर, चिकट, लसणीचा भात वाढला. मी बसले. पहिला घास उचलला आणि तसाच हातात राहिला. आनंदानं इतकं भरून आलं होतं.

"आता ह्ये भात तुज्याकडं राहनार," आई म्हणाली.

"राहणार. तीन लोंब्या ठेवल्यात," मी म्हणाले. "पण आई, घरचं बियाणं लेकीला देत नाहीत ना? डंड संपला की परत आणू?"

आईनं बाच्या तोंडाकडं बघितलं. बा गालात हसत होता.

"घरचं?" बा म्हणाला. "आमच्या घरचं भात येगळं व्हतं. पांढरं. ते कवाच गेलं. ह्ये तुज्या आईच्या माहेरचं. लगीन होऊन हितं आली आन् पयल्याच वरसाला तिच्या बाच्या आदी आमच्यात नवं खाऊन बसली. तिच्या बानं डंड दिला. बांधाच्या कडंला पिकवलं तिनं."

"चार पावलांत," आई म्हणाली.

घास अजून माझ्या हातातच होता. लहानपणापासून ज्याला मी घरचं म्हणत आले, जे या अंगणाइतकंच जुनं आहे असं समजत आले, ते भात म्हणजे आईचा डंड होता. लेकीला बियाणं द्यायचं नाही हा नियम. मग ते लेकीच्या घरी जाणार कसं, हे नियम करणाऱ्या त्या हुशार बाईनं आधीच ठरवून ठेवलं होतं.

"म्हणून तू निघताना मला ते सांगितलंस?" मी विचारलं.

"मंग? सांगितल्याबिगर मोडशील कशी?" आई म्हणाली. "किती वरसं वाट बघितली गं. दर वरसाला इचारायचे, काय खाल्लंस, काय खाल्लंस. आन् तू आपली लय गुणाची! मला वाटलं, ही काय मोडत नाय. माजं भात खाली उतरत नाय आता."

सगळी वाडी हसली. मी आईवर इतकी रागावले की तिच्या पानावरची काकडीची फोड उचलून खाल्ली.

तेव्हापासून आबांच्या कोपऱ्यात आमचं लाल भात असतं. चार पावलांची आता चाळीस पावलं झालीत. पहिल्या वर्षी आबा म्हणाले, "मला दे की मूठभर." मी म्हणाले, "द्यायची रीत नाय आबा. आधी नवं मोडावं लागतं." त्यांनी लगेच एक लोंबी ओरबाडली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "हे बघ, मोडलं." मग काय करणार? दिला डंड.

मला कोणी विचारलं, तुझं घर कुठलं, तर मी आता गडबडते. वाडीत माझं पान पडतं. कुंभिवलीत माझं भात पिकतं. कंपनीच्या कार्डावर तिसराच पत्ता आहे, जुन्या चाळीचा, जी पाडून तिथं गोडाऊन झालं आणि आम्ही पुन्हा सविताताईंच्या शेजारीच दुसरी खोली घेतली. पूर्वी मला वाटायचं, घर मागं राहतं आणि आपण पुढं जातो. आता तसं वाटत नाही. पानासाठी वर चढावं आणि मुठीतलं खाली आणून लावावं, हे दोन्ही मिळून मला घर पुरतं. वर गेले की खालच्या पावसाची चौकशी करते आणि खाली आले की वरच्या.

जाई आता बारावी झाली. नर्सिंगला नंबर लागलाय, हॉस्टेलला जायचंय, लांब. पेटी भरून झाली आहे, म्हणजे ट्रॉली बॅग. काल सकाळी मी तिला समोर बसवलं आणि आवाज होईल तितका कडक करून म्हणाले, "हे बघ जाई. आमच्या आधी नवं खायचं नाही हं."

"हो गं आई, माहितीय," ती म्हणाली आणि मोबाइलमध्ये बघायला लागली.

दुपारी मी खोलीमागच्या मांडवाला पाणी घालायला गेले. काकडीचं नवं अजून व्हायचंय. जमिनीलगत लोंबणारी एक काकडी मला जरा वेगळी दिसली. हात लावून बघितलं तर पलीकडून चावलेली, दातांच्या खुणा ताज्या, आणि ती बाजू नीट मातीकडं वळवलेली. जाईला हे कोणी शिकवलं नव्हतं.

मी इकडंतिकडं बघितलं. मुंग्या अजून आल्या नव्हत्या. मी काकडी होती तशीच मातीकडं वळवून ठेवली आणि लाल भाताची मूठ बांधायला चिंधी शोधत घरात गेले.